रविवारची कोंबडी : सर्वांसाठी भाजलेले गोळे

पूर्वी आपल्याकडे मांसाहार म्हणजे पोळ्याची कर, धुळवड, आखाडी, नाहीतर घरी पाव्हणे आले तर. ब्रॉयलर कोंबडी गावोगाव मिळू लागली आणि हा सणासुदीचा पदार्थ दर रविवारचा झाला. यवतमाळ असो, पुसद-दिग्रस असो की वणी-पांढरकवडा, रविवारी सकाळी कोंबडीच्या दुकानासमोर पिशव्या घेतलेली माणसे उभी दिसतात. त्यात वावगे काही नाही. कोंबडीचे मांस पचायला हलके आणि उत्तम दर्जाच्या प्रथिनांचे असते. शंभर ग्रॅम कातडी काढलेल्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात.

प्रश्न कोंबडीचा नाही. ती आपण कशी शिजवतो आणि घरात कोणाच्या ताटात किती वाढतो, हा आहे. डॉक्टरच्या दवाखान्यात हा हिशेब सोमवारी समोर येतो. कोणाला आंबट ढेकर आणि जळजळ, कोणाला जुलाब, कोणाचे ब्लडप्रेशर चढलेले. आणि त्याच रांगेत मागे, आपली पाळी येण्याची वाट पाहत, थकलेल्या चेहऱ्याची एखादी गृहिणी असते. तिचे हिमोग्लोबिन आठवर आलेले असते. आज या सर्वांना एकत्र बसून खाता येईल अशा एका पदार्थाची ओळख करून द्यायची आहे. तो म्हणजे कोंबडीच्या खिम्याचे, न तळता भाजलेले गोळे.

तर्रीचा हिशेब

वऱ्हाडी रस्सा म्हटला की वर लाल तर्री हवीच. तर्री म्हणजे दुसरे काही नसून तिखटाचा रंग घेतलेले तेल. सहा माणसांच्या रश्श्याला वाटीभर, म्हणजे सुमारे दीडशे मिलिलिटर तेल सहज जाते. एवढ्या तेलातून साडेबाराशेच्या आसपास कॅलरी मिळतात. म्हणजे माणशी दोनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या, कोंबडी, भाकर, भात वेगळा. हेच जेवण दोन मोठे चमचे तेलात झाले तर माणशी चाळीसच कॅलरी होतात. ज्यांचे वजन जास्त आहे, ज्यांना मधुमेह, हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉलचा त्रास आहे, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

आम्ही डॉक्टर मंडळी अशा रुग्णांना सांगतो, "तेलकट-तिखट बंद करा." मग घरात काय होते? सर्वांसाठी झणझणीत रस्सा आणि आजोबांसाठी वेगळ्या पातेल्यात फिक्के वरण. वासाने घर भरलेले असते आणि आजोबा कोपऱ्यात वरण-भात कालवत बसतात. असे पथ्य पंधरा दिवस टिकते. सोळाव्या दिवशी आजोबा दुसऱ्याच्या घरी जाऊन तर्री ओरपून येतात. पथ्य टिकवायचे असेल तर रुग्णाचे पातेले वेगळे करू नये, साऱ्या घराचे पातेले थोडे बदलावे. तळलेले आणि तेलात पोहणारे कमी खाणे निरोगी माणसाच्याही हिताचेच आहे.

फोडी कोणाला, रस्सा कोणाला?

रक्त कमी असलेल्या बाईला मी विचारतो, "घरी मांसाहार होतो का?" उत्तर येते, "होते नं डाक्टर सायेब, दर रविवारी." पुढे विचारावे, "तुमच्या वाट्याला किती फोडी येतात?" मग ती हसते. "फोडी पोरायले लागते. मले रस्सा असला तरी चालते."

वाचकहो, हे उत्तर एका घराचे नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे दोघींमागे एकीपेक्षा जास्त. याची कारणे अनेक आहेत. पाळीतील रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, पोटातील जंत, आणि आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजारही आहे. म्हणून रक्त कमी आहे असे कळले की नुसत्या गोळ्या आणून न खाता सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. पण सर्वात शेवटी जेवणे आणि उरलेले खाणे हेही एक कारण आहे, आणि त्यावर औषधाच्या दुकानात उपाय मिळत नाही.

रश्श्यात चव उतरते, प्रथिने मात्र मुख्यतः फोडीतच राहतात. मांसाचा आणखी एक गुण आहे. ते भाकर, डाळ, पालेभाजी यांच्याबरोबर खाल्ले तर त्या पदार्थांतील लोहही शरीरात अधिक चांगले शोषले जाते. जिला लोहाची सर्वात जास्त गरज आहे, तिलाच आपण या लाभापासून दूर ठेवतो.

गोळे कशासाठी?

खिम्याच्या गोळ्यांचे तीन फायदे आहेत. पहिला, त्यात हाड नसते. दात नसलेल्या आजीला आणि लहान मुलांना ते सोसतात. दुसरा, ते भाजता येतात, तेल अगदी थोडे लागते. तिसरा फायदा मला सर्वात मोलाचा वाटतो. गोळे मोजता येतात. रश्श्यातल्या फोडी कोणी किती घेतल्या याचा हिशेब राहत नाही. तीस गोळे आणि सहा माणसे म्हटली की माणशी पाच, हे शाळकरी पोरालाही कळते. स्वयंपाक करणारीने वाढायला घेण्याआधीच आपले पाच गोळे ताटलीत बाजूला काढावेत. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

भाजणे हा प्रकार आपल्याला नवा नाही. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि पळसाच्या पानांतले पानगे आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. तेच तंत्र इथे वापरायचे आहे.

खिमा आणताना

साफ केलेली सव्वा किलोची कोंबडी घेतली तर साधारण पाऊण किलो मांस निघते. कातडी काढायला सांगावी, कारण चरबी तिथेच जास्त असते. खिमा आपल्यासमोर, ताज्या मांसाचा करून घ्यावा. आधीच करून ठेवलेला खिमा घेऊ नये. हाडे टाकून न देता वेगळी बांधून आणावीत, त्यांचाच रस्सा होतो. कलेजीही घ्यावी.

बाजारातली बाकी सारी खरेदी आटोपल्यावर शेवटी कोंबडी घ्यावी आणि थेट घरी यावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. अशा उन्हात स्कूटरच्या डिकीत तासभर राहिलेला खिमा म्हणजे जंतूंची शेतीच. घरी आल्यावर लगेच करायचा नसेल तर झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या सर्वात खालच्या कप्प्यात ठेवावा. वर ठेवला तर त्याचे पाणी खालच्या दुधात किंवा भाजीत ठिबकते. आणलेला खिमा त्याच दिवशी संपवावा.

साहित्य (सहा माणसांसाठी)

कोंबडीचा खिमा पाऊण किलो, बारीक चिरलेली कलेजी ५० ग्रॅम, एक अंडे, एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून, आले-लसणाचा ठेचा दोन चहाचे चमचे, वाटीभर चिरलेला सांबार, मूठभर चिरलेली मेथी किंवा पालक, कोरडे भाजून घेतलेले ज्वारीचे पीठ चार मोठे चमचे, तिखट दीड चमचा, हळद अर्धा चमचा, घरचा काळा मसाला एक चमचा, मीठ एक सपाट चहाचा चमचा, फल्लीतेल एक मोठा चमचा.

रश्श्यासाठी : कोंबडीची हाडे, दोन कांदे, तीन टमाटे, भाजलेले सुके खोबरे दोन चमचे, खसखस एक चमचा, आले-लसूण, तिखट-मसाला चवीप्रमाणे, मीठ अर्धा चमचा, तेल एक मोठा चमचा.

मिठाचे माप मुद्दाम दिले आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरच्या मापाने माणशी सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ पडते. पापड, लोणचे ताटात घेतले तर हा हिशेब बिघडतो.

कृती

प्रथम हाडे दीड लिटर पाण्यात, आले-लसूण घालून मंद आचेवर पाऊण तास उकळत ठेवावीत. वर येणारी चरबी चमच्याने काढून टाकावी आणि पाणी गाळून घ्यावे.

तोपर्यंत तेल सोडून गोळ्यांचे सर्व साहित्य एका परातीत हलक्या हाताने एकत्र करावे. कणकेसारखे मळू नये, गोळे कडक होतात. मीठ-तिखट बरोबर आहे का हे पाहण्यासाठी कच्चा खिमा जिभेला लावू नये. तव्यावर सुपारीएवढा तुकडा पूर्ण शिजवून मग चव पाहावी. हाताला पाणी लावून लहान लिंबाएवढे तीस गोळे करावेत. सर्व सारख्या आकाराचे असावेत, नाहीतर लहान जळतात आणि मोठे आत कच्चे राहतात. वरून तेलाचा हात फिरवावा.

ज्यांच्याकडे विजेची भट्टी म्हणजे ओव्हन आहे त्यांनी ती २०० अंशांवर दहा मिनिटे तापवून घ्यावी. तेल लावलेल्या ट्रेमध्ये गोळे सुटे सुटे मांडून २० ते २५ मिनिटे भाजावेत. मधे एकदा उलटावेत.

ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांनीही अडून बसू नये. जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी. तळाशी लोखंडी तिवई किंवा रिंगण ठेवावे, जड झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे कोरडीच तापवावी. मग तेल लावलेल्या ताटलीत गोळे मांडून ती रिंगणावर ठेवावी आणि झाकण लावून अर्धा तास भाजावेत. पंधरा मिनिटांनी उलटावेत. कढईत एका वेळी दहाच गोळे मावतील, म्हणून तीन खेपा कराव्या लागतात. वरून रंग आला नाही तर शेवटी तव्यावर दोन मिनिटे फिरवावेत. मात्र काळे कोळसे होऊ देऊ नयेत, जळका भाग काढून टाकावा.

रश्श्यासाठी चमचाभर तेलात कांदा सावकाश परतावा. तेल कमी पडते असे वाटले की पाण्याचा हबका मारावा. खोबरे, खसखस, आले-लसूण यांचे वाटण, टमाटे आणि मसाला घालून परतावे. त्यावर हाडांचे पाणी ओतून दहा मिनिटे उकळावे. वाढताना गोळे रश्श्यात सोडावेत. सोबत ज्वारीची भाकर, कांदा, काकडी आणि लिंबू. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोह शोषायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र उलटे होते, म्हणून चहा तास-दीड तासाने घ्यावा.

आतपर्यंत शिजले की नाही?

हा या लेखातील सर्वात महत्त्वाचा भाग आहे. मांसाच्या वरच्या बाजूला असलेले जंतू खिमा करताना आतवर मिसळले जातात. म्हणून गोळा वरून तांबूस झाला एवढ्याने भागत नाही. सर्वात मोठा गोळा मधोमध फोडून पाहावा. आत गुलाबी छटा नसावी, वाफ निघावी आणि सुटणारा रस पाण्यासारखा स्वच्छ असावा. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे त्यांनी गोळ्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान आल्याची खात्री करावी, ती सर्वात भरवशाची. शंका आली तर आणखी पाच मिनिटे भाजावे.

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. कॅम्पिलोबॅक्टर फार थोड्या संख्येने पोटात गेला तरी पुरतो. त्याची लक्षणे बहुधा दोन ते पाच दिवसांनी दिसतात. जेवण रविवारचे आणि जुलाब बुधवारी, त्यामुळे दोष मंगळवारच्या पाण्याला दिला जातो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे अनेक रुग्ण आढळले, हे वाचकांना आठवत असेल. त्यात काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला. तिथे मुख्य संशय दूषित पाण्यावर होता, परंतु अर्धवट शिजलेली कोंबडी खाऊ नये असेही लोकांना त्या वेळी सांगण्यात आले. या जंतूच्या संसर्गानंतर क्वचित काही जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि पायांपासून अशक्तपणा चढत जातो. हे क्वचित घडते, म्हणून घाबरू नये. पण जुलाबानंतर दोन-तीन आठवड्यांत पायांतली ताकद जाते आहे, जिना चढता येत नाही असे वाटले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

बर्ड फ्लूची भीती अशीच अधूनमधून उठते. देशातील कोंबड्यांमधील पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळली. तेव्हापासून अशी बातमी आली की लोक कोंबडी खाणे सोडतात. हा विषाणू ७० अंशांच्या वर टिकत नाही. पूर्ण शिजलेल्या कोंबडीपासून धोका नाही. मात्र मेलेली किंवा आजारी कोंबडी स्वस्त मिळते म्हणून कापू नये, तिला हातही लावू नये.

कांदा-लिंबू कुठे चिरता?

बहुतेक घरांत कोंबडी चांगली शिजवली जाते. गडबड होते ती कांद्याची. ज्या विळीवर किंवा पाटावर कच्ची कलेजी चिरली, तीच नुसती पाण्याखाली धरून तिच्यावर कांदा-काकडी चिरतात. कोंबडी विस्तवावर जाते, कांदा मात्र कच्चाच पोटात जातो आणि जंतूही सोबत नेतो. म्हणून कांदा, काकडी, सांबार, लिंबू आधी चिरून झाकून ठेवावे आणि कोंबडीला शेवटी हात लावावा. नंतर विळी, पाट, परात साबणाने आणि गरम पाण्याने धुवावी. हात साबणाने वीस सेकंद चोळून धुवावेत.

नळाखाली धो-धो पाण्यात कोंबडी धुण्याची आपली सवय आहे. त्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओटा, भांडी आणि शेजारच्या पाण्याच्या गुंडापर्यंत पोहोचतात. जंतू मारण्याचे काम पाण्याचे नाही, विस्तवाचे आहे. खिमा तर कधीच धुऊ नये.

कोणी काय सांभाळावे?

गर्भवतींनी कलेजी न घातलेले गोळे खावेत, कारण कलेजीत अ जीवनसत्त्व फार जास्त असते आणि ते पहिल्या महिन्यांत गर्भाला अपायकारक ठरू शकते. बाकीचे गोळे त्यांनी पोटभर खावेत, त्यांना प्रथिनांची गरज जास्त आहे. युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा त्रास असलेल्यांनी कलेजी टाळावी आणि दोन-तीन गोळ्यांवर थांबावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रथिने किती घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मधुमेहींना गोळे चालतात, लक्ष भाकर-भाताच्या मापावर ठेवावे. लहान मुलांना अख्खा गोळा देऊ नये, कुस्करून द्यावा, म्हणजे घशात अडकत नाही.

शाकाहारी वाचकांनी पान उलटू नये. आपला जिल्हा सोयाबीनचा. सोया वडी भिजवून, घट्ट पिळून, वाटून तिचे गोळे याच पद्धतीने भाजता येतात. अंड्याऐवजी उकडलेला बटाटा आणि थोडे बेसन घालावे.

उरले तर?

रात्रीचा रस्सा पातेल्यात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी उकळून खायचा ही रीत घरोघरी आहे. सोमवारच्या जुलाबांचे मूळ पुष्कळदा यात असते. काही जंतूंची बीजे शिजवूनही जिवंत राहतात आणि कोमट रश्श्यात रात्रभर वाढतात. काही जंतू असे विष तयार करतात की ते उकळूनही नष्ट होत नाही. उरलेले पदार्थ उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच फ्रीजमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवशी चांगली उकळी आणून एकदाच खावेत. वीज गेली तर फ्रीज उघडू नये, बंद फ्रीज चारेक तास थंडावा धरतो. फ्रीज नसेल तर माणसे मोजूनच गोळे करावेत.

जुलाब लागलेच तर लगेच अँटिबायोटिक घेऊ नये. क्षारसंजीवनीचे पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट प्यावे. शौचात रक्त पडणे, जोराचा ताप, लघवी कमी होणे, ग्लानी येणे, यांपैकी काही असेल, किंवा रुग्ण बाळ वा वृद्ध असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

येत्या रविवारी हा बेत करून पाहावा. पाच गोळ्यांतून माणशी सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात, तेही दोन मोठे चमचे तेलात झालेल्या सहा जणांच्या स्वयंपाकातून. आजोबांना वेगळे पातेले लागत नाही, आजीला हाड काढून द्यावे लागत नाही. एवढे मात्र पाहा की सर्वांची ताटे एकदमच मांडली जातील, आणि जिने रांधले तिच्या ताटातही पाच गोळे असतील.